पंचनाम्याच्या पलीकडचं नुकसान
मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्रिमहोदय,


आपल्या खात्याचा एक कागद कोकण किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक घराने गेल्या काही वर्षांत पाहिला आहे. पंचनामा. खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी आणि खाली पंचांच्या सह्या. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं. त्यानंतर कित्येक दिवस तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावोगाव हिंडत होते. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती आणि वर करोनाची धास्ती होती. तशा दिवसांत त्यांनी घराघरांत येऊन केलेली मोजणी इथली माणसं आजही आठवतात. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मला बोलायचं आहे ते त्या कागदाबद्दल. पंचनामा एका दिवसाचं नुकसान मोजतो. काय पडलं, काय वाहून गेलं, किती टक्के गेलं, एवढं तो विचारतो. हवामान बदलाने आमच्या किनाऱ्याचं जे नुकसान चालवलं आहे, त्यातलं थोडंच एका दिवसात होतं. उरलेलं वर्षानुवर्षं होत राहतं. झाड उभं दिसतं पण आतून गेलेलं असतं, जमीन सातबारावर असते पण पिकत नाही, होडी शाबूत असते पण समुद्रात जात नाही. या नुकसानीला सरकारदरबारी रकाना नाही. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून अर्थसंकल्पात तरतूद नाही. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

वाडीपासून सुरुवात करते, कारण ती मला सगळ्यांत जवळून माहीत आहे. आमच्याकडे नारळ-सुपारीच्या बागेला वाडी म्हणतात. सगळ्यांत उंच माड, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेले मिरवेल, मधूनमधून जायफळ आणि केळी, तळाला अळू-हळद. श्रीवर्धनची रोठा सुपारी अशा दाट वाड्यांतच पिकते. एका वाडीचं क्षेत्र सहसा गुंठ्यांत असतं. निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले तेव्हा आम्ही हिशेब केला. गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांची वाडी भुईसपाट झाली असेल तर २,५०० रुपये. त्यावर ओरड झाली, मग झाडामागे दर आला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. सुपारीचं एक झाड वर्षाला जेवढी सुपारी देतं तिचीसुद्धा ही किंमत होत नाही, आणि नव्या रोपाला हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात. पण दराचं भांडण मी आज काढत नाही. निदान जी झाडं पडली ती मोजली तरी गेली.

जी उभी राहिली त्यांचं पुढे काय झालं, ते सांगते.

पोफळीचं खोड उन्हाला फार नाजूक असतं. दाट वाडीत त्याच्यावर थेट ऊन पडतच नाही. म्हणूनच जुनी माणसं वाडीच्या पश्चिम आणि नैऋत्य अंगाला आडोशाची झाडं राखून ठेवत. वादळाने नेमका तो आडोसा पाडला आणि वरचे माडही विरळ केले. मग दुपार कलल्यावरचं ऊन, जे या खोडांनी जन्मात पाहिलं नव्हतं, सरळ त्यांच्यावर पडू लागलं. पहिल्या उन्हाळ्यात खोडाच्या एका बाजूला पिवळसर डाग दिसले. पुढे ते तपकिरी झाले. मग तिथे उभी चीर पडली, पावसात चिरेत पाणी मुरलं, बुरशी धरली. शेंडा मात्र हिरवागार, सुपारीची शिंपुटंही लागलेली. कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोकून पाहिलं की निरोगी खोड भरीव वाजतं, आणि या खोडांचा आवाज पोकळ येतो. अशी झाडं दोन-तीन पावसाळ्यांत, साध्या वाऱ्यातही, मधोमध मोडून पडली. त्या दिवशी ना चक्रीवादळ होतं ना अतिवृष्टी. पंचनामा कशाचा करणार? आणि जून २०२० च्या कागदावर ही झाडं ‘उभी’ या हिशेबात गेलेली.

माडांचं वेगळंच झालं. वाड्यांच्या वाटा अरुंद, यंत्र आत शिरत नाही, टाळेबंदीत मजूर मिळत नव्हते. आडवे झालेले माड पुष्कळ ठिकाणी जागच्या जागी कुजले. कुजलेल्या माडाच्या खोडात गेंडा भुंगा अंडी घालतो. त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या तिथेच वाढतात आणि भुंगे बाहेर पडून शेजारच्या जिवंत माडाच्या कोवळ्या शेंड्यात शिरतात. नवी झावळी उलगडते ती कात्रीने कापल्यासारखी तिकोनी कातरलेली. त्या जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तो खोड आतून पोखरतो. तो शिरला की माड सहसा वाचत नाही. वादळाने पाडलेल्या माडांनी असे न पडलेले माड मारले. एका दिवसाचं वादळ वाडीत कित्येक वर्षं चालू राहिलं. त्यात वर्षही पुरतं उलटलं नव्हतं तोच २०२१ च्या मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं.

एखादं वादळ दैवाने येतं, हे आमच्या वाडवडिलांनीही सोसलं. पण वादळांचा समुद्र तो बंगालचा उपसागर आणि आपला अरबी समुद्र त्या मानाने शांत, हा त्यांचा अनुभव खरा होता. तो आता खरा राहिलेला नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी याच समुद्राचा अभ्यास करतात. २००१ ते २०१९ या काळात त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं दीडशे टक्क्यांनी वाढली आणि वादळं समुद्रावर टिकून राहण्याचा काळ ८० टक्क्यांनी लांबला, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. कारण समुद्राच्या पाण्यातच आहे. हरितगृह वायूंनी पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडली तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग महासागरांनी पोटात घेतला. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान गेल्या काही दशकांत १.२ ते १.४ अंश सेल्सिअसने चढलं. वादळाला जोर मिळतो तो कोमट पाण्यातून, आणि ते पाणी आता त्याला वाटेत अधिक वेळ, अधिक खोलवर मिळतं. २००९ चा फयान, २०१९ मध्ये लागोपाठ आलेली क्यार आणि महा, मग निसर्ग, मग तौक्ते. या यादीत अजून भर पडणार आहे, असं धरूनच आपल्या खात्याला चालावं लागेल.

आता खारभूमीकडे या. रायगड जिल्ह्यात खाड्यांच्या काठाने मैलोन्‌मैल मातीचे बांध आहेत. एका बाजूला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं आणि भरतीचं आत येऊ नये म्हणून बांधात उघाड्या ठेवलेल्या. राता भात या जमिनीतलं, मीठ सोसणारं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल वाणही तसेच. बांधाच्या आतल्या तळ्यांत जिताडा मासा वाढायचा. पेण-अलिबागकडे पाहुण्याला जिताडा वाढणं हा मान असायचा. हे सगळं एका बांधाच्या भरवशावर उभं. पूर्वी गावकी मिळून बांध राखायची. हाक पडली की प्रत्येक घरातून माणूस फावडं-घमेलं घेऊन जायचा.

उधाणाच्या भरतीला बांध फुटतो, त्याला इथे खांड पडणं म्हणतात. खांड त्याच आठवड्यात बुजवली तर नुकसान एका हंगामाचं. नाही बुजवली तर रोजच्या भरतीला खारं पाणी आत-बाहेर करतं, खांड रुंदावत जाते आणि मीठ जमिनीत मुरतं. ते पावसाच्या पाण्याने धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तेही बांध परत धरला तर. मधल्या काळात विहिरी मचूळ होतात. आणि चार-पाच वर्षांत शेतात तिवरं उगवतात.

तिवरांवर माझा राग नाही. लाटेचा मार पहिल्यांदा तेच घेतात. मासळीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या तोडीला सरसकट मज्जाव केला, तो निर्णय मला मोलाचा वाटतो. पण ज्याच्या गटात ती उगवली त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. सातबारावर त्याचं भातखाचर आहे. प्रत्यक्षात तिथे तिवरांचं कांदळवन आहे. ते तोडता येत नाही आणि तोडूही नये. पीक नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही. जमीन समुद्राने घेतली असं सरकार म्हणत नाही, कारण गट जागेवरच आहे. हा माणूस आपल्या मालकीच्या जमिनीवर सगळ्या तालुक्याच्या संरक्षणाची भिंत वागवतो आहे आणि त्याबद्दल त्याला एक पैसा मिळत नाही. कांदळवनाखाली गेलेल्या खाजगी शेतजमिनीचं दरवर्षी भाडं द्या, किंवा ती वाजवी किमतीला संपादित करा. माझ्या मते तरी यापेक्षा स्वस्तात समुद्रापासून संरक्षण मिळणार नाही. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा खर्च तर आपल्याला ठाऊकच आहे, आणि बंधारा संपतो तिथून पुढच्या वाळूची धूप वाढते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

सगळं खापर हवामानावर फोडावं, असं मी म्हणत नाही. गावकीचे बांध सरकारच्या ताब्यात गेले, देखभालीला पैसे आले नाहीत, खाड्यांमधली वाळू बेसुमार उपसली गेली, बार्जच्या लाटांनी काठ खचले. बांध आधीच अशक्त होता, म्हणून वाढत्या उधाणाने तो पहिल्या धक्क्याला फोडला. मासळीचंही तसंच. एलईडी दिव्यांवरची मासेमारी बंदी असूनही चालते, पर्ससीन जाळ्यांवरचे निर्बंध मोडले जातात, बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लंही जातात. हे हवामानाने केलेलं नाही. तरीही पश्चिम हिंदी महासागरात सागरी अन्नसाखळीच्या तळाशी असलेलं वनस्पतीप्लवक साठ वर्षांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं संशोधन आहे. वरचं पाणी तापलं की खालचं थंड, पोषक पाणी वर यायला अडतं, आणि पोषण नाही तर प्लवक नाही. दोन्ही बाजूंनी चेपलेला मासा तिसरीकडे जातो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता, आणि ज्या वर्षी क्यार-महाने होड्या बंदरात अडकवल्या तेच हे वर्ष.

होड्या अडकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पंचनाम्यात हे मुळीच येत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की बंदरात धोक्याचा बावटा लागतो. बावटा लागला की होडी जात नाही. हे योग्यच आहे. फयानच्या वेळी जी माणसं परतली नाहीत त्यांची आठवण प्रत्येक कोळीवाड्यात आहे. पण १ जून ते ३१ जुलैच्या बंदीनंतर ज्या चार-पाच महिन्यांवर वर्षाचा संसार चालतो, त्याच ऑगस्ट ते डिसेंबरच्या काळात बावटे वाढले आहेत. होडी फुटली नाही, जाळं फाटलं नाही, माणूस सुखरूप आहे. मदतीच्या निकषांत या घराचं काहीच नुकसान झालेलं नाही. डिझेलची आणि बर्फाची उधारी, खलाशांचे आगाऊ दिलेले पैसे आणि चुलीवरचं रिकामं भांडं यांची नोंद कोण ठेवणार? केरळ सरकारने २०२१ मध्ये इशाऱ्यांमुळे बुडालेल्या दिवसांसाठी मच्छीमार कुटुंबांना रोख मदत दिली होती. आपल्या प्रत्येक बंदरात बावटा कधी चढला आणि कधी उतरला याची नोंद असते. ती नोंद आपल्या खात्याने मागवून घेतली तरी हिशेब सुरू होईल.

आणि या घरातली बाई? तिच्या नावावर होडी नाही, सातबारा नाही. ती किनाऱ्यावरून मासळी उचलते, बाजारात विकते, उरलेली सुकवते. ऑक्टोबरनंतर वाळवणाच्या वलांडींवर बोंबील टांगलेले असतात, खळ्यावर जवळा पसरलेला असतो. तो कडकडीत उन्हाचा हंगाम. त्यात दूर समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि इथे दोन दिवस ढग आणि रिमझिम. अर्धवट सुकलेला बोंबील भिजला की मऊ पडतो, रात्रीत वास धरतो, त्यात अळ्या पडतात. मग तो कुट्याच्या भावाने खताला जातो. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना दोन दिवसांच्या रिमझिमीत लाखाचा माल गेला हे खरं वाटत नाही, कारण त्या पावसाने ना घराचं कौल हलतं ना पर्जन्यमापकात अतिवृष्टी ठरायला लागणारे ६५ मिलिमीटर जमतात. क्यार-महानंतरच्या पॅकेजमध्ये विक्रेत्या बायकांना शीतपेट्या मिळाल्या होत्या. सरकारच्या यादीत त्यांचं नाव आलं, हे मोठं पाऊल होतं. पण त्यांच्या सुक्या मासळीची किंमत कुठल्याही निकषात अजून आलेली नाही.

आंब्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याला निदान हवामानावर आधारित फळपीक विमा आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारी माणसंही बरीच आहेत. हापूसला मोहोर यायला नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी लागते. हल्ली ती उशिरा येते, तुटक येते, आणि मोहोराऐवजी पालवी फुटते. फळ धरल्यावर पुन्हा थंडी लांबली तर त्याच फांदीवर नव्याने मोहोर येतो, झाड आपली ताकद त्याच्याकडे वळवतं आणि आधीची सुपारीएवढी कैरी गळून पडते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या पुनर्मोहोरावर जिब्रेलिक आम्लाची फवारणी सुचवली आहे. मार्चमध्ये ऊन एकदम चढलं की पुन्हा फळगळ. यात तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा यांच्या फवारण्या वाढत जातात. विमा तापमानाची आणि पावसाची ठरावीक तारखांमधली मर्यादा ओलांडली गेली का, एवढंच बघतो. चार फवारण्यांच्या जागी आठ कराव्या लागल्या, हे विम्याला दिसत नाही. बागायतदाराच्या कर्जाच्या खात्यात मात्र ते स्पष्ट दिसतं.

माणसाखेरीज जे जीव इथे आहेत त्यांचा पंचनामा होत नाही, हे ओघाने आलंच. निसर्गच्या वाटेवरच म्हसळा तालुक्यातलं चिरगाव आहे. तिथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात, आणि देशभरात नामशेष व्हायला आलेला हा पक्षी तिथल्या लोकांनी मोठ्या कष्टाने जपला आहे. उंच, जुनं झाड पडतं तेव्हा घरट्याची जागाच जाते, आणि ती पुन्हा तयार व्हायला माणसाच्या दोन पिढ्या लागतात. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्याच जास्त, आणि फार तापली की अंड्यांतून पिल्लं निघतच नाहीत. २००२ पासून वेळासच्या लोकांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर ही घरटी राखली. आता त्यांना घरट्यांवर सावली करण्याचा विचार करावा लागतो.

मंत्रिमहोदय, या सगळ्याचा शेवट कुठे होतो तेही पाहा. पोफळी मोडल्या, माड पोखरले, नवी रोपं हाताशी यायला सात वर्षं. मुलगा मुंबईत नोकरीला आहे. सातबारावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबई-पुण्याला, काही वारलेली. मदतीचे पैसे सामाईक खातेदारांच्या संमतीपत्रापायी अडकतात. अशा वेळी वाडीला गिऱ्हाईक येतं. समुद्राजवळची जागा, मोकळी, झाडं आधीच गेलेली. वाडी विकली जाते आणि तिथे बंगला येतो, कुंपण येतं, बोअरवेल येते. गोडं पाणी उपसलं की समुद्राचं पाणी जमिनीखालून पुढे सरकतं आणि शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते. मग ती वाडीही विक्रीला निघते. याला लोक स्थलांतर म्हणत नाहीत, कारण कुणी डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेलं दिसत नाही. गावाची जनगणनेतली घरं तेवढीच राहतात, दिवे मात्र शनिवार-रविवारीच लागतात.

यावर ‘सरकारच्या निकषांत हे बसत नाही’ असं उत्तर आलं, तर मी आपल्याच राज्याचा दाखला देईन. केंद्राच्या यादीत नसलेल्या अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणं, समुद्राचं उधाण यांना महाराष्ट्राने आपल्या अधिकारात आपत्ती ठरवलं. २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही नवी आपत्ती मान्य केली. एका दिवसात ६५ मिलिमीटर पडला नाही तरी रोज थोडाथोडा पडून पीक कुजतं, हे मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं सरकारने ऐकलं आणि ते मोजायची पद्धत ठरवली. म्हणजे सावकाश होणारं नुकसान मोजता येतं, आणि मोजायचं मनात आलं तर निकषही बदलतात. पंधराव्या वित्त आयोगाने किनाऱ्याच्या आणि नदीकाठच्या धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी देशभरात १,००० कोटी रुपये वेगळे काढले. धूपही सावकाशच होते. जगाच्या पातळीवर २०२२ मध्ये शर्म अल-शेखला हवामान बदलाच्या हानीसाठी निधी ठरला आणि २०२३ मध्ये दुबईत तो प्रत्यक्षात आला. समुद्राची वाढती पातळी, जमिनीत शिरणारा खार, हे त्या निधीच्या कक्षेत आहे. श्रीमंत देशांकडे हक्काने मागायचं तर आपल्याकडे गावागावाचा हिशेब हवा. तो आज नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिच्यात लगेच पैसे द्यायचे नाहीत. चक्रीवादळाच्या किंवा उधाणाच्या पंचनाम्यानंतर एका वर्षाने आणि तीन वर्षांनी त्याच गटांत फेरपाहणी व्हावी, आणि मधल्या काळात मेलेली झाडं, खारावलेलं क्षेत्र, मचूळ झालेल्या विहिरी यांची नोंद त्याच पंचनाम्याला जोडावी. २०२१ पासून आम्ही शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो, फोटो काढून पाठवतो. त्यातच ‘खार पाण्याने पडीक’ आणि ‘कांदळवनाखाली’ असे दोन पर्याय द्या, तलाठ्यावर जादा बोजा पडणार नाही. बावट्याचे दिवस बंदरनिहाय मोजून दरवर्षी जाहीर करा. सुकी मासळी हे पीक माना आणि तिची नोंद विक्रेत्या बाईच्या नावाने करा. मच्छीमार संस्थांकडे या बायकांची नावं आहेत, नसतील तिथे त्या स्वतः येऊन देतील. वाड्यांच्या बाबतीत सामाईक खातेदारांची संमती गोळा होईपर्यंत, वाडी जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या नावे निदान नोंद तरी व्हावी.

निकष बदलायला केंद्राकडे जावं लागेल, मंत्रिमंडळात विषय न्यावा लागेल, हे मी समजू शकते. नोंद ठेवायला मात्र आपल्या विभागाचं एक परिपत्रक पुरेल. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना ते येत्या पावसाळ्याआधी गेलं, तर निसर्ग आणि तौक्ते यांच्या जुन्या पंचनाम्यांपासूनच सुरुवात करता येईल. ते कागद तहसील कचेऱ्यांत आहेत, त्यांतले गट नंबर बदललेले नाहीत, आणि कुठली झाडं नंतर मेली हे दाखवायला प्रत्येक वाडीत माणूस आहे. आमच्या तालुक्यात या कामाला माणसं कमी पडली तर आम्ही बायका येऊ.

आपली,
श्रीवर्धन तालुक्यातली एक वाडीधारक